कालव्यावरचे गुलाब

गेल्या वर्षी इंग्रजीच्या ट्यूटोरियलमध्ये एका उताऱ्याचे मराठी भाषांतर करायचे होते. त्यात 'नॅरोबोट' असा शब्द आला. मी बेधडक 'चिंचोळी होडी' असे लिहून मोकळी झाले. वही परत देताना सरांनी विचारले, "चिंचोळी म्हणजे किती चिंचोळी? आणि का?" मला उत्तर देता आले नाही. आमच्या गावची नदी पावसाळ्याचे चार महिने वाहते, आणि होडी म्हणून मी पाहिली ती यात्रेतल्या पाळण्याचीच. "शोधून काढ, आणि काही सापडले तर वार्षिकाला लेख दे," असे सर म्हणाले. प्रस्तुत लेखाचा जन्म असा एका न आलेल्या उत्तरातून झालेला आहे.

ते उत्तर आधीच सांगून टाकते. नॅरोबोट सात फुटांहून किंचित कमी रुंद असते आणि लांबीला सत्तर-बहात्तर फुटांपर्यंत असते. म्हणजे आमच्या घराची ओसरी जेवढी रुंद, तेवढीच रुंद. पण लांबी मात्र पाच-सहा घरांएवढी. असा विचित्र आकार कोणी हौसेने ठरवला नव्हता. तो इंग्लंडच्या कालव्यांनी ठरवला, आणि कालव्यांचा आकार ठरवला जेम्स ब्रिंडली नावाच्या एका गिरणी दुरुस्त करणाऱ्या कारागिराने.

इंग्लंडात अठराव्या शतकात रस्ते असे होते की पावसाळी दिवसांत गाड्या रुतून बसत. घोड्याच्या पाठीवर लादून न्यावा तर माल अगदी थोडा जाई. पण तोच घोडा काठाने चालत पाण्यावरची नाव दोराने ओढू लागला, तर पंचवीस-तीस टन माल ओढतो. (आपल्याकडे दोन बैल जुंपलेल्या टायरगाडीत दोन-अडीच टन ऊस भरला की चढावर बैलांचे डोळे बाहेर येतात, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना या आकड्याचा अर्थ वेगळा सांगायला नको.) ब्रिजवॉटरच्या ड्यूकची वर्स्ली येथे कोळशाची खाण होती. तिथला कोळसा मँचेस्टरला नेण्यासाठी ब्रिंडलीच्या देखरेखीखाली कालवा खणला गेला व तो १७६१ साली सुरू झाला. मँचेस्टरमधला कोळशाचा भाव निम्म्यावर आला. मग काय, ज्याच्या त्याच्या तोंडी कालवा! मातीच्या भांड्यांचे कारखानदार जोसाया वेजवुड यांनी तर ट्रेंट आणि मर्सी या नद्या जोडणाऱ्या कालव्याची पहिली कुदळ १७६६ मध्ये स्वतःच्या हाताने मारली. फुटक्या कपबश्यांचा हिशेब त्यांच्याइतका दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार?

हा ब्रिंडली मला फार आवडला. त्याचे शिक्षण जवळजवळ झालेच नव्हते. लिहिताना शब्द जसा कानाला ऐकू येई तसा तो लिही. हिशेब डोक्यात करी, आणि फारच अवघड प्रश्न आला म्हणजे एक-दोन दिवस अंथरुणात पडून विचार करी असे सांगतात. आमच्याकडे असा पडून राहणारा माणूस आळशी ठरला असता. असो. जमीन उंचसखल असली की कालव्याला पाण्याचा जिना करावा लागतो. त्याला 'लॉक' म्हणतात. दोन्ही टोकांना दारे असलेला हा एक बांधीव हौद असतो. नाव आत घ्यायची, मागचे दार लावायचे आणि वरच्या दाराच्या झडपा हँडलने उघडून पाणी सोडायचे. हौद भरतो तशी नाव उचलली जाते, आणि वरची पातळी गाठली की पुढचे दार उघडायचे. उतरताना हेच उलट करायचे. एका वेळेस सुमारे एक लाख लिटर पाणी खाली जाते. हौद रुंद केला तर पाणी जास्त लागणार आणि डोंगरातला बोगदा रुंद केला तर खर्च जास्त येणार. म्हणून ब्रिंडलीने लॉक सात फूट रुंदीचे ठेवले. एकदा सात फुटांचे लॉक झाले की सात फुटांपेक्षा रुंद नाव तेथून जाणेच शक्य नाही. ब्रिंडली १७७२ मध्ये वारला. पण त्याने ओढलेल्या या सात फुटांच्या चौकटीत पुढे दोनशे वर्षे माणसांनी संसार केले.

संसार हा शब्द मी अलंकार म्हणून वापरलेला नाही. एकोणिसाव्या शतकात रेल्वे आली, वाहतुकीचे दर पडले, आणि नावाड्याला काठावरचे घर व नावेवरचा मदतनीस असे दोन्ही खर्च परवडेनात. मग पुष्कळांनी घर सोडले आणि बायकोमुलांना नावेवर घेतले. बायको हाच मदतनीस. नावेचा बाकी सगळा भाग मालासाठी. मागच्या टोकाला दहा फूट लांबीची एक केबिन, तेवढेच घर. त्यात शेगडी, फळी पाडली की टेबल होणारे कपाट आणि रात्री आडवा टाकायचा पलंग. त्यातच बाळंतपण आणि त्यातच आजारपण. मुले चालायला लागली की घोड्याबरोबर काठाने चालत आणि लॉकची दारे पाठीने रेटत. नाव कोठेच फार दिवस थांबत नसे. मग शाळा कोणत्या गावची? पुष्कळ नावाडी सहीच्या जागी फुली मारत. मैलाच्या दगडावरचे अक्षर त्यांना वाचता येत नसे, पण शेकडो मैलांवरचे प्रत्येक लॉक व प्रत्येक वळण तोंडपाठ असे.

येथे मला थोडे स्वतःविषयी लिहिणे भाग आहे. माझे आईवडील ऊसतोडीला जातात. दसरा-दिवाळी झाली की मुकादमाची गाडी गावात येते, भांडीकुंडी आणि अंथरुणे ट्रकवर चढतात, आणि चैत्रापर्यंत घर म्हणजे कारखान्याच्या तळावरची कोपी. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' मोजला जातो. मी आजीपाशी राहिले म्हणून शिकले; तरीही चौथीच्या वर्षी आजी आजारी पडली तेव्हा तीन महिने कोपीवर गेले, आणि परत आले तर शाळेच्या पटावरचे माझे नाव कमी झालेले होते. हे सहानुभूतीसाठी लिहीत नाही. पण नावाड्यांच्या मुलांविषयी वाचताना मला पुस्तक परदेशी वाटले नाही, हे न सांगणे खोटेपणाचे झाले असते.

या मुलांसाठी झटणारा एक माणूस झाला. त्याचे नाव जॉर्ज स्मिथ. तो स्वतः लहानपणी वीटभट्टीवर राबलेला होता. वीटभट्टीवरच्या मुलांसाठी कायदा करवून घेतल्यावर तो नावाड्यांकडे वळला. १८७५ मध्ये त्याने कालव्यावरच्या लोकांवर पुस्तक लिहिले, सभा घेतल्या, आणि १८७७ मध्ये कायदा झाला. प्रत्येक राहत्या नावेची नोंदणी व्हावी आणि केबिनीत किती माणसे राहावीत त्याला मर्यादा असावी, असे त्यात ठरले. तपासणी नीट होईना म्हणून १८८४ मध्ये तो कायदा आणखी कडक करावा लागला. स्मिथचे उपकार मोठेच. परंतु त्याच्या लेखनात नावाडी म्हणजे घाण, दारू आणि अनीती यांचे आगर असे चित्र येते. समाजाला जागे करण्यासाठी त्याने रंग गडद लावला असेल. पण ज्यांच्यासाठी लिहिले त्यांनाच तो शिवीसारखा लागला असणार. आमच्या तळावरही कधी कधी पाहणी करणारे लोक येतात. ते कोपीत वाकून बघतात तेव्हा माय पटकन पदराने चुलीपुढची जागा पुसते. ते पुसणे कोणत्याही अहवालात येत नाही.

नावाड्यांचे ते 'पुसणे' मात्र शिल्लक राहिले आहे, आणि तोच माझ्या लेखाचा खरा विषय आहे.

या नावा बाहेरून आतून रंगवलेल्या असत. रंगवलेल्या म्हणजे नुसता गंज लागू नये म्हणून हात मारलेला नव्हे. केबिनीच्या दारांवर आतून गुलाबांचे झुपके आणि वरच्या चौकटीत किल्ला. किल्ल्याभोवती तळे, तळ्यावर पूल, मागे निळे डोंगर. कपाटाच्या पडत्या फळीवर पुन्हा किल्ला. छतावर पिण्याच्या पाण्याचा उंच डबा ठेवलेला असे, त्यावर गुलाब. पाणी काढायच्या भांड्यावर गुलाब, बसायच्या स्टुलावर गुलाब, आणि घोड्याच्या तोंडाला दाणे बांधायचे पत्र्याचे भांडे असे, त्यावरसुद्धा गुलाब! या कलेला इंग्रजीत नावच मुळी 'गुलाब आणि किल्ले' असे पडले. शिवाय घोड्याच्या कानांना क्रोशाच्या टोप्या, सुकाणूच्या खांबावर पांढऱ्या दोराची विणलेली वेणी, आणि केबिनीच्या भिंतीवर कातरलेल्या काठाच्या, रिबिनीत ओवलेल्या बश्या. पोळ्याला बैलाच्या शिंगांना हिंगूळ लावून बाशिंग बांधणाऱ्या आपल्या लोकांना घोड्याच्या या टोप्यांचे नवल वाटणार नाही.

हे गुलाब आले कोठून? याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. कोणी जिप्सींच्या गाड्यांकडे बोट दाखवतात, कोणी हॉलंडकडे, कोणी जर्मनीकडे. कोणी म्हणतात, त्या काळी बर्मिंगहॅमच्या परिसरात रोगण लावून फुले काढलेले पत्र्याचे ट्रे आणि घड्याळांच्या चित्रित तबकड्या स्वस्तात होत असत, त्यांचीच ही नक्कल. मला हे शेवटचे मत पटते. कारण ते कारखाने कालव्याच्या काठाशीच होते, आणि माणूस शोभेची गोष्ट उचलतो ती सहसा शेजारच्या दुकानातून, हॉलंडातून नव्हे. एवढे मात्र नक्की की १८५८ साली जॉन हॉलिंग्जहेड नावाच्या लेखकाने डिकन्सच्या 'हाउसहोल्ड वर्ड्स' साप्ताहिकात कालव्यावरच्या प्रवासाचे वर्णन लिहिले, त्यात रंगवलेल्या केबिनीचा उल्लेख येतो. म्हणजे तोवर ही रीत रुळलेली होती.

माझा पहिला समज असा होता की नावाडी संध्याकाळी नाव बांधून, शांतपणे बसून, हौसेने गुलाब काढत असतील. तो चुकीचा निघाला. काही नावाडी स्वतः रंगवत हे खरे. पण बहुतेक काम नावा बांधणाऱ्या-दुरुस्त करणाऱ्या गोदीत होई, आणि ते करणारा माणूस गोदीचा पगारी रंगारी असे. ब्रॉन्स्टनच्या गोदीतले फ्रँक नर्सर आणि लेटन बझर्डचे फ्रँक जोन्स यांची नावे जाणकार आदराने घेतात. गुलाबाच्या पाकळ्यांवरून ही नाव कोणत्या गोदीतली, हे ओळखता येते म्हणतात. जसे आपल्याकडे ट्रकच्या मागच्या फळीवरून तो कोणत्या गावच्या पेंटरकडे रंगला ते ड्रायव्हर सांगतात. नाव गोदीत चढली की कुटुंबाची मजुरी बंद. त्यामुळे रंगाऱ्याला रेंगाळून चालत नसे. एका नावेवर किती गुलाब, आणि किती दिवसांत! तेव्हा ही फुले घाईत, पोटासाठी, भराभर काढायची फुले होती. हे कळल्यावर माझ्या मनातला त्यांचा मान कमी झाला नाही, उलट वाढला.

पुढची हकीकत थोडक्यात सांगते. १९४४ साली एल. टी. सी. रोल्ट यांचे 'नॅरो बोट' हे पुस्तक निघाले. त्यांनी 'क्रेसी' नावाच्या जुन्या नावेवर घर करून प्रवास केला होता. पुस्तक वाचून कालवे वाचवायला हवेत असे लोकांना वाटू लागले आणि १९४६ मध्ये त्यासाठी संस्था उभी राहिली. १९४८ मध्ये बहुतेक कालव्यांचे राष्ट्रीयीकरण झाले, पण माल लॉरीकडे वळतच राहिला. १९६२-६३ च्या हिवाळ्यात कालवे कित्येक आठवडे गोठून पडले आणि धंद्याचे कंबरडे मोडले. शेवटी ऑक्टोबर १९७० मध्ये ॲथरस्टोनचा कोळसा लंडनजवळच्या साऊथॉलला एका जॅमच्या कारखान्यात नेण्याची नियमित खेप बंद झाली, आणि नावाड्यांचा कुटुंबासह चालणारा लांब पल्ल्याचा धंदा संपला. नावाडी काठावरच्या घरांत राहायला गेले. त्यांतील काहींना चाळीस वर्षांचे झाल्यावर प्रथमच न हलणाऱ्या जमिनीवर झोप येईना, अशी माझी आपली कल्पना. चैत्रात घरी परतलेले माझे वडील पहिले आठ दिवस अंगणातच झोपतात.

धंदा संपला तरी कालवे मात्र राहिले. इंग्लंड-वेल्समधले सुमारे दोन हजार मैलांचे जलमार्ग २०१२ पासून एक धर्मादाय विश्वस्त संस्था सांभाळते. आता नॅरोबोटींतून कोळसा क्वचितच जातो. जातात ती सुटीवर आलेली माणसे, आणि कायमची नावेवर राहणारीही पुष्कळ. ज्या जागी कोळशाचे ढीग असत तेथे स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि पुस्तकांची फडताळे आली. वेगाची मर्यादा ताशी चार मैल. म्हणजे काठाने चालणारा माणूस नावेशी गप्पा मारत जाऊ शकतो. काठावर नुसते उभे राहून नावा बघत बसणाऱ्या रिकामटेकड्याला कालव्यावरच्या बोलीत 'गाँगूझलर' असा सुंदर शब्द आहे. ग्रंथालयातली पुस्तके वाचून आणि मोबाईलवर तासन्‌तास चित्रफिती पाहून मीही एक दूरची गाँगूझलर झाले आहे.

या सगळ्यात मला मोह पडला तो तिकडच्या शरद ऋतूचा. आपल्याकडे शरद म्हणजे निरभ्र आकाश आणि टिपूर चांदणे. तिकडे शरद म्हणजे पानगळ आणि धुके. ऑक्टोबरात हवा गार होते, पण कालव्याचे पाणी अजून उन्हाळ्याची ऊब धरून असते. त्यामुळे सकाळी पाण्यावर वाफ तरंगते आणि पुढचा पूल कमान नसून नुसती सावली आहे असे वाटते. काठाच्या झाडांची पिवळी-तांबडी पाने पाण्यात पडून त्यांचा थर जमतो. नाव त्यातून जाते तेव्हा ती पाने पंख्याला गुंडाळतात, इंजिन घुसमटते, आणि सुकाणू धरणाऱ्याला क्षणभर उलटा गिअर टाकून पाने झटकावी लागतात. दिवस लहान होतात. महिन्याच्या मध्याला सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, आणि महिन्याअखेर घड्याळे तासाने मागे घेतली की पाचच्या सुमारासच अंधार. भाड्याच्या नावा अंधारात चालवू देत नाहीत. म्हणून चारच्या सुमारास खुंटी ठोकून दोर बांधायचा, शेगडीत कोळसा टाकायचा आणि लांबलचक संध्याकाळ समोर घेऊन बसायचे. नोव्हेंबर लागला की ठिकठिकाणी लॉक रिकामे करून दुरुस्त्या सुरू होतात; ओकच्या लाकडाची ती दारे साधारण पंचवीस वर्षे टिकतात आणि मग बदलावी लागतात. त्यामुळे ऑक्टोबर म्हणजे हंगामाची शेवटची फेरी.

आणि या अशा संध्याकाळींसाठी तेथील रंगारी गुलाब शिकवतात. शनिवार-रविवारचे वर्ग असतात. सुटीवर आलेली मास्तरीण, निवृत्त झालेला कारकून असे लोक टेबलाभोवती बसून पत्र्याच्या मगावर पहिला गुलाब काढतात आणि घरी नेतात. हे वाचून प्रथम मला रागच आला. ज्यांनी त्या दहा फुटांत जन्म काढले त्यांची मुले कोठे, आणि हे हौशी लोक कोठे! उद्या कोणी सुटीत आमच्या कोपीत राहायला येऊन 'पारंपरिक मोळी बांधणे' शिकू लागले तर मला कसे वाटेल? हा राग मी सरांना बोलून दाखवला. सर म्हणाले, "आधी एक गुलाब काढून बघ, मग रागाव."

म्हणून मी बघितले.

आमच्या गावात एक पेंटर आहेत. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, दुकानांच्या पाट्या आणि शाळेच्या भिंतीवरचे सुविचार तेच रंगवतात. त्यांना आम्ही सारे मामा म्हणतो. दसऱ्याच्या आधी, ट्रॉल्या रंगवायचा त्यांचा हंगाम ऐन भरात असताना, मी गोडेतेलाचा रिकामा डबा घेऊन त्यांच्याकडे गेले. पॉलिश पेपरने घासून, रेड ऑक्साइडचे अस्तर देऊन तो एक दिवस वाळवला. मग गर्द हिरव्या ऑइलपेंटचे दोन हात दिले. मोबाईलवर पाहून मला पद्धत कळली होती ती अशी: आधी गुलाबाच्या जागी गडद रंगाचे नुसते गोल ठिपके द्यायचे. तांबड्या गुलाबाला काळपट तांबडा, पिवळ्याला मातकट पिवळा, पांढऱ्याला गुलाबी. ते रात्रभर वाळू द्यायचे. दुसऱ्या दिवशी त्यावर उजळ रंगाच्या पाकळ्या. शेवटी हिरवी पाने, आणि पानांवर बारीक ब्रशने पिवळसर शिरा.

ठिपके जमले. पाकळ्यांनी मला रडवले. मी पेन्सिलीने पाकळीची कड काढून आत रंग भरत होते. फूल झाले ते कोबीसारखे. पुसून पुन्हा काढले, पुन्हा कोबी. मामा ट्रॉलीवर 'आईचा आशीर्वाद' लिहीत होते. ते खाली उतरले, माझा मोबाईल हातात घेऊन तो इंग्लंडचा रंगारी दोन मिनिटे बघत राहिले आणि म्हणाले, "ह्यो चित्रकार न्हाई. ह्यो आपल्यातला पेंटर हाये. तू फूल काढायलीस पोरी. फूल काढू नगंस, फटकारा मार."

मामांनी कधी कालवा पाहिलेला नाही. पण मला जे इतक्या पुस्तकांतून उमगले नव्हते ते त्यांना दोन मिनिटांत उमगले. त्यांनी अक्षरे लिहायचा लांब केसांचा ब्रश मला दिला. रंगात बुडवून तो काचेवर फिरवत केसांना टोक आणायचे. मग टेकवायचा, दाबायचा, वळवायचा आणि उचलायचा. उमटतो तो एक मोठा स्वल्पविराम. पाकळी म्हणजे एवढेच. दाब कमी-जास्त झाला की पाकळी कमी-जास्त रुंद. तिला पुन्हा हात लावायचा नाही. लावला तर ओल्या रंगात ओला रंग मिसळतो आणि कडा मरते. चुकली तर चुकली, पुढची मारायची. आतल्या बाजूला तीन-चार, मग बाहेरून गोल फिरत सात-आठ असे सगळे मिळून दहा-बारा फटकारे, आणि फूल झाले. मी जुन्या खिडकीच्या काचेवर फटकारे मारायचे, रॉकेलच्या चिंधीने पुसायचे आणि पुन्हा मारायचे. पहिल्या संध्याकाळी एकही पाकळी धड आली नाही. चौथ्या दिवशी केव्हातरी, माझे लक्ष मामांच्या बोलण्याकडे असताना, हात आपोआप वळला आणि पाकळी उमटली. मी लक्ष देऊन पुढची मारली तर ती पुन्हा बिघडली!

तेव्हा मला निरक्षर नावाड्यांचे पाठ असलेले लॉक आठवले, आणि ब्रिंडलीचे डोक्यातले हिशेबही. मी आमच्या घरातली पहिली कॉलेजात आलेली मुलगी. जे लिहिलेले असते तेच ज्ञान, असे मला वर्षभरात वाटू लागले होते, हे कबूल करते. माय मोळी बांधते तेव्हा उसाच्याच वाढ्याला पीळ देऊन गाठ मारते. ती गाठ मला आजवर मारता आलेली नाही. मी तिला एकदा विचारले होते की कशी मारतेस? तिने मारून दाखवली. मी म्हटले, दाखवू नकोस, सांग. तिला सांगता येईना, आणि मला वाटले होते की तिला कळत नाही.

हौशी लोकांवरचा माझा राग पुरता गेला असे नाही. नावाड्याचे दारिद्र्य वजा करून उरलेले गुलाब तेवढे घ्यायचे, यात काहीतरी खुपते. पण जुने रंगारी एकेक करून गेले, आणि टोनी ल्युअरींसारख्या माणसांनी त्यांचे काम जवळून अभ्यासून, १९७४ मध्ये त्यावर पुस्तक लिहून, स्वतः ब्रश चालवून ते पुढच्यांच्या हाती दिले नसते, तर १९७० नंतर हे फटकारे कोणाच्या मनगटात उरले असते? पुस्तकात पाकळीचे चित्र राहील, पण वळण राहणार नाही. निवृत्त कारकुनाच्या मगावर का होईना, ते कोणाच्या तरी हातात असावे लागते. स्टोक ब्रुअर्नच्या कालवा-संग्रहालयात जुने डबे मांडून ठेवलेले आहेत. ते संग्रहालय १९६३ सालचे, म्हणजे धंदा अजून धुगधुगत होता तेव्हाचे. आपल्याकडे टायरगाड्याही आता कमी होत चालल्या आहेत, तोडणी यंत्रे येत आहेत. त्या गाड्यांच्या साट्यांवर कोणी काय रंगवले होते याची नोंद घ्यायला कोणी निघाले आहे का, हे मी इतिहासाच्या प्राध्यापकांना विचारणार आहे.

डबा पुरा झाला तो दिवाळीत. समोर तीन गुलाब, मागे किल्ला. किल्ला मी इंग्लंडचा काढला नाही. मुळात त्यांचेही किल्ले कोठे असलेले किल्ले नव्हेत, मनातलेच. मी तळे काढले, पूल काढला आणि डोंगरावर आमच्या गावाहून दिसणारे देऊळ काढले. देवळाची कळसाची बाजू जरा कलली आहे. गुलाबांपैकी मधला बरा आहे. डावीकडच्याची एक पाकळी फाकली आहे, तिला मी हात लावला नाही.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी मुकादमाची गाडी आली. डबा पाण्यासाठी न्यावा असे मी सुचवले. मायने तो हातात घेऊन फिरवून पाहिला आणि विचारले, "हे कशाचं फूल म्हणायचं?"

मी म्हटले, "गुलाब."

"आसंल," माय म्हणाली. "पण नाव कुठंय? टोळीत समद्यांचे डबे सारखे. नाव घाल त्याच्यावर माझं."

गाडी भरेपर्यंत अर्धा तास होता. मी धावत जाऊन मामांकडून ब्रश आणि थोडा पांढरा रंग आणला आणि किल्ल्याखाली तिचे नाव घातले. पाकळ्यांना चार दिवस लागले होते. अक्षरे घाईत काढली, ती पाकळ्यांपेक्षा वाईट आली. रंग ओला होता, म्हणून मायने डबा ट्रकमध्ये अंथरुणांवर न ठेवता कारखान्यापर्यंत मांडीवर धरून नेला, असे वडिलांनी नंतर फोनवर सांगितले.